आग एका वाटेनं, तू एका वाटेनं

ये असा जवळ. अजून. दारात उभं राहून हात जोडायची ती खासदारकीची सवय माझ्याकडे नको, ओट्यावर टेक. आणि जन्या, आधी मला तुला बोलायचंय. जायचं होतं तर एक शब्द सांगायची रीत नाही का? "होळीला येतो वयनी, निवांत बसू," म्हणून गेलास, आणि आलास तो दिल्लीहून पेटीत. विमानात खिडकीजवळची जागा मिळाली नाही की लहान मुलासारखा फुगायचास. पेटीला कुठली रे खिडकी? तोंडापुरती एक काच तेवढी होती.

तुझ्यावर स्मरणिका काढतायत. परवा समितीवाले आले होते, हातात फाइल, पायात बूट.

"मावशी, साहेबांवर दोन पानं लिहा."

मी म्हटलं, "जन्म, शाळा, नगरसेवक, महापौर, खासदार, असं सगळं लिहू?"

"ते आमच्याकडे आहे. टाइप झालंय."

"मग मी काय लिहू?"

"आमच्याकडे नाही ते लिहा."

आता त्यांच्याकडे नाही ते लिहिल्यावर ते छापतील का, ते त्यांचं ते बघोत. मी तुलाच लिहिते. बाकीच्यांनी शेजारी बसून ऐकलं तर ऐकावं. त्यांच्यासाठी एवढंच सांगते की हा जनार्दन म्हणजे माझ्या नवऱ्याचा चुलतभाऊ, माझ्याहून आठ वर्षांनी लहान. मी सासरी आले तेव्हा हा चड्डी सावरत माझ्या मागे मागे फिरायचा आणि माझ्या तव्यावरची पहिली भाकरी पळवायचा. गाव आमचं भिवंडीजवळ, दापोड्याच्या अंगाला. पूर्वी सगळी भातशेती होती, आता घरांपेक्षा गोदामं जास्त.

मी शाळेत गेले नाही हे तुला माहीत आहे. पण वाचायला कशी शिकले ते कधी सांगितलं नव्हतं, आज सांगते. तू पहिल्यांदा नगरसेवकाला उभा राहिलास, तेव्हा भिवंडीत आम्ही राहत होतो त्या चाळीच्या भिंतीवर तुझं नाव रंगवलं होतं, हातभर मोठ्या अक्षरात. नाव माहीत होतं, अक्षरं समोर होती. मग एकेक जुळवत गेले. ज, ना, र्द, न. तो जोडाक्षराचा रफार मला आठ दिवस छळत होता. तू तीनदा उभा राहिलास, तोवर मी पेपर वाचायला लागले होते. लोकांना तू पाणी दिलंस, दिवे दिलेस, मला आधी अक्षरं दिलीस. तुला पत्तासुद्धा नव्हता.

त्या काळात आपण सगळेच लूमवर, म्हणजे यंत्रमागावर. तू शिफ्टला, माझा नवरा शिफ्टला, मी घरी सुताच्या कांड्या भरायची. त्या खडखडाटात कुणाचा शब्द कुणाला ऐकू येत नाही, म्हणून लूमवरची माणसं ओठ बघून बोलणं ओळखतात. तू त्यात पटाईत. महापौर झाल्यावर एकदा मला हसत हसत म्हणालास, "वयनी, सभागृहात समोरच्या बाकावरचे आपसात काय पुटपुटतात, मना सगला कळतं. ते समजतात माझ्याकडं खबऱ्या हाय." मी विचारलं, "आणि दिल्लीत?" तर म्हणालास, "तिथंही कळतं, पण इंग्रजीत पुटपुटतात तेव्हा अर्धाच कळतं."

महापौर झालास त्या दिवशीचं तर विसरणारच नाही. तो पायघोळ झगा आणि गळ्यातली साखळी तशीच घालून आईला दाखवायला गावात आलास. कुत्री भुंकून भुंकून दमली. तुझ्या आईनं चष्मा पुसून वरून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "कोर्टात लागलास कं रे?" तुझ्याबरोबर आलेली माणसं हसू दाबत तोंड फिरवून उभी राहिली. तू मात्र वाकून तिच्या पाया पडलास आणि म्हणालास, "हो आये, आता रोज तारीख हाय."

आणि खरंच रोज तारीख पाळलीस. गटार तुंबलं की साहेब लोक फोन करतात. तू खुर्ची घेऊन गटाराच्या तोंडाशी जाऊन बसायचास. रुमाल नाही, अत्तर नाही. "साफ होईल तेव्हा उठेन," एवढंच बोलायचास. माझी मुलगी तुझ्याच वॉर्डात दिली आहे, ती सांगायची, आई, काका बसले की तासाभरात गाडी येते. एकदा शहरात तणाव झाला, दोन्हीकडची दुकानं पटापट बंद झाली, तेव्हाही तू हेच केलंस. रस्त्याच्या मधोमध खुर्ची टाकलीस आणि दिवसभर बसून राहिलास. इकडून चहा आला तो प्यालास, तिकडून चहा आला तोही प्यालास. सात चहा झाले म्हणालास, पित्तानं मेलो वयनी. ती खुर्ची मी खरी मानते, जन्या. ती झाली म्हणूनच माझा दुसरा राग एवढा मोठा झाला.

आता त्याच्यावर येते.

आपल्या गावाचं मसण खाडीच्या अंगाला. तिथं जायची वाट तुझ्या वडिलांच्या शेताच्या बांधावरून. कुणी आखलेली नाही, पायांनी पडलेली. माझे सासू-सासरे, तुझे आजोबा, सगळे त्याच वाटेनं गेले. तुझ्या महापौरकीच्या दुसऱ्या वर्षी ते शेत तू गोदामवाल्यांना विकलंस. गावची बैठक झाली. कुणीतरी विचारलं, मयतीची वाट? तू शांतपणे म्हणालास, "सातबारावर दाखवा वाट. वहिवाट हाय, नोंद न्हाय." मग कंपनीचा माणूस उठला, म्हणाला, मयतीसाठी गेट कधीही उघडू, तुम्ही काळजी करू नका. आणि गावानं मान डोलावली. घरटी एकाला ड्युटी मिळणार होती ना.

मयत आतून नेता येईल का, एवढंच आपण विचारलं. आगीचं कुणी विचारलंच नाही.

पुढं तू खासदार झालास. कुठल्याशा गोदामाला मोठी आग लागली, तू अधिकाऱ्यांची बैठक घेतलीस, टेबलावर हात आपटलास. "गोदामात काडीपेटीसुद्धा जाता कामा नये!" टाळ्या पडल्या. आठवड्यात प्रत्येक गेटवर बोर्ड लागला. वर तुझा हसरा फोटो, खाली लिहिलेलं की ज्वालाग्राही वस्तू आत नेण्यास सक्त मनाई. चांगलंच केलंस, मी नावं ठेवत नाही. आत माझी सून रेश्मासुद्धा पॅकिंगला आहे, तिच्या जिवाची मलाही काळजी.

पण त्याच महिन्यात गावातला आपला हसूराम गेला. त्याचा लेक पुढे मडकं घेऊन, त्यात घरच्या उंबऱ्यावर पेटवलेली आग. गेटवर अडवलं. बोर्डावर बोट. तिरडी आत सोडली, मडकं नाही. मग लेक मडकं घेऊन स्कूटरवर बसला आणि हायवेनं फिरून गेला. तिथपासून आपल्या गावात हीच रीत पडली, की प्रेत गोदामातून जातं आणि आग हायवेनं. मडक्यातली आग वाऱ्यानं विझू नये म्हणून लोक आता त्यावर पत्रा धरायला शिकलेत. माणूस कशालाही शिकतो.

आणि योग बघ, त्याच दिवशी तू टीव्हीवर. संसदेत उभा राहून महामार्गांवर बोलत होतास. गावातली पोरंबाळं टीव्हीसमोर, "आपले साहेब, आपले साहेब!" मीही बघत होते. छान बोललास, अडखळला नाहीस. आणि मला वाटलं, हा देशाच्या रस्त्यांचं बोलतोय आणि हसूराम खाडीवर आगीची वाट बघत पडलाय.

त्यावरून आपलं भांडण लागलं ते लागलंच. तू माणूस पाठवलास की मी परत पाठवायची. दिल्लीला सुकट पाठवणं मात्र बंद केलं नाही हो मी. तुझ्या बंगल्यात ती तळली की शेजारच्या खासदाराची बायको खिडक्या लावून घेते म्हणून तूच सांगितलं होतंस. त्या बाईवर माझा काही राग नव्हता, पण मी मुद्दाम जास्त पाठवायची.

माघात तू आलास तो शेवटचा. गाडी लांब उभी केलीस, एकटा चालत आलास. गोदामाच्या कंपाउंडला लागून माझ्या शेताची जी पट्टी उरलीय, तिथं उभा राहून बघत होतास. मग ओट्यावर बसलास. तांदळाची भाकरी, सुकट, कांदा. अर्धी भाकरी झाल्यावर म्हणालास,

"वयनी, चार हात सोड. भिंतीलगत. मी वाट करून घेतो, नोंदीसकट."

मी म्हटलं, "सोडते. आधी गावासमोर म्हण, चुकलो."

तू हसलास. "खासदार चुकत न्हाय वयनी. निर्णय घेतो."

"मग माझाही निर्णय हाय. न्हाय देत."

"अगं, तुला उद्या कुठून न्यायची? गोदामातून?"

आणि जन्या, तेव्हा मी ते बोलले. घास तुझ्या हातात होता आणि मी बोलले, "आधी तू जाऊन बघ त्या वाटेनं. मग मना सांग, कशी हाय ती."

तू घास खाली ठेवला नाहीस. खाल्लास, पाणी प्यालास. "बरं, सांगेन," म्हणालास. एवढंच. आणि होळीचं म्हणून उठलास.

दीड महिनासुद्धा झाला नाही.

तू आलास त्या दिवशी शहरातून मुलीचा फोन आला. "आई, लूम बंद झालेत सगळे. काकांच्या वॉर्डात एक नाही चालू. आवाज थांबलाय तर घर हलतंय असं वाटतंय, बाळ दचकून उठलं." मी म्हटलं, दार लावून घे, भिंतीला हात टेकून बस. दुसरं काय सांगणार.

पेटी अंगणात ठेवली. तुझी बायको सुमन तुझ्या पायाशी, मी डोक्याशी. काचेवर लोकांचे हात लागून लागून धुरकट झालं होतं, मी पदरानं पुसलं. तुझे ओठ जरा उघडे होते. लूमवरचं ओठांचं बोलणं मलाही थोडं येतं, कांड्या पोचवायला जायचे तेव्हा शिकले. तुझे वरचे दात खालच्या ओठावर टेकले होते. 'व' म्हणताना टेकतात तसे. मी पुष्कळ वेळ बघत राहिले, पुढचं अक्षर येईल म्हणून. मग कुणीतरी मला उठवलं.

आणि तू त्याच वाटेनं गेलास.

गेटपर्यंत आम्ही बायकाही गेलो. पोलिस आले होते सलामीला. त्यांच्या बंदुका आत गेल्या. तुझा लेक सुजित पुढे मडकं घेऊन, त्याच्या डोक्यावर बोर्डात तू हसतोयस, आणि गार्ड त्या बोर्डाकडे बोट दाखवतोय. पोलिसाचा साहेब म्हणाला, "अरे, ज्याचा फोटो आहे तोच आहे हा!" गार्ड बिचारा नवा, उत्तरेकडचा, रामलखन नावाचा, पण जागचा हटेना. "साहब, इन्हीं का तो रूल है." मॅनेजरनं कुठंतरी लांब फोन लावला, तिकडूनही नाहीच आलं. सुजित वळला तेव्हा त्याचा चेहरा मला बघवला नाही. मोटारसायकलच्या मागं बसला, धोतरावर, उघड्या अंगानं, मांडीत मडकं. कंटेनरांच्या रांगेत शिरला आणि धुराची एक रेघ ट्रकांच्या डोक्यावरून हलत गेली ती मला लांबपर्यंत दिसत होती. हायवे तुंबलेला. दोन तास लागले त्याला. तू दोन तास खाडीवर एकटा... एकटा म्हणजे माणसं होती, पण तसं नव्हे ते.

मी गेटवरच बसून राहिले. पुरुष परत आले, एकेकजण वहीत सही करून बाहेर. सगळे झाले तरी रामलखन काही वही मिटेना. बोटानं मोजायचा, पुन्हा वरून सुरू करायचा.

"क्या हुआ रे?"

"अम्मा, एक आदमी अंदर रह गया."

"कोण?"

त्यानं वही माझ्याकडे फिरवली. सकाळी त्याला वरून सांगितलं होतं म्हणे, एमपी साहब आ रहे हैं, एंट्री ठीक से करना. त्या भाबड्यानं पहिल्या ओळीत तुझंच नाव लिहिलं होतं. आत गेल्याची वेळ लिहिली होती. बाहेरचा रकाना कोरा.

मी म्हटलं, "बाबा, ते बाहेर यायचे न्हाईत. वो नहीं आएँगे."

"तो फिर काटूँ कैसे? बिना निकले निकला लिख दूँ? ऑडिटवाले पूछेंगे." मग आवाज खाली आणून म्हणाला, "और अम्मा, मरे हुए का झूठ नहीं लिखते."

मग तसंच राहिलं. तिथं शिफ्ट बदलली की जुना गार्ड नव्याला चार्ज देतो, आत किती माणसं ते तोंडानं सांगून. आता प्रत्येक वेळी शेवटी सांगतात, "और एक अंदर." नवा गार्ड विचारतही नाही कोण. रेश्मा सांगते, कुणाला काही वाटेनासं झालंय, जसं पंख्याला काही म्हणत नाहीत तसं.

दहाव्याला मी मनातून घाबरले होते. म्हटलं कावळा शिवणार नाही, सगळे एकेक कबूल करत बसतील, आणि शेवटी माझ्याकडे बघतील. मी बोलायचं ते पाठ करून ठेवलं होतं. तर कसलं काय! पिंड ठेवून माणसं मागे सरली नाहीत तोच कावळा आला आणि खाऊन गेला. सगळ्यांनी हात जोडले, साहेब तृप्त गेले म्हणाले. खरं सांगू? मला राग आला. म्हटलं, याचं माझ्याकडे काहीच अडलं नाही?

त्याच संध्याकाळी दिवे पहिल्यांदा बघितले.

तू गेल्यावर नाही, आधीपासूनच आहेत ते तसले दिवे. रेश्मानं समजावलंय मला. आत उंच उंच मांडण्या, मधून गल्ल्या, आणि गल्लीत माणूस चालला की त्याच्या डोक्यावरचा दिवा आपोआप लागतो, पुढे गेला की मागचा विझतो. त्या दिवशी तुझ्या मानासाठी आतलं काम बंद होतं, कुणी आत नव्हतं. दिवेलागणीला मी तुळशीपाशी उभी, समोर गोदामाची वरची झरोक्यांची रांग. एक झरोका उजळला. विझला, तोवर पुढचा. मग पुढचा. बेताबेतानं, तुझ्यासारखा दम्याचा माणूस चालतो तसं. खाडीच्या अंगापर्यंत गेला, थांबला, आणि मागे वळला. पुन्हा इकडे. पुन्हा तिकडे.

उंदीर असतील, रेश्मा म्हणाली. असतील. पण उंदीर भिंतीपाशी येऊन थांबत नाही, जन्या. माझ्या पट्टीला लागून जी भिंत आहे, तिथला झरोका पेटायचा आणि पेटलेलाच राहायचा. मी घरात जाईपर्यंत.

शिफ्ट बदलताना त्या गल्ल्या रिकाम्या असतात, तेव्हा रोज मी पंधरा दिवस बघितलं. सोळाव्या दिवशी मला कळलं तू काय करतोयस. मी तुला सांगितलं होतं ना, जाऊन बघ आणि सांग कशी हाय ती वाट. तू शब्दाचा पक्का. वाट बघतोयस अजून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि ती संपत नाहीये.

मग ऐक, जे मी तुला कधी बोलले नाही. त्या बैठकीत, जेव्हा कंपनीच्या माणसानं घरटी एकाला ड्युटी म्हटलं, तेव्हा मी पण मान डोलावली होती. बायकांत सगळ्यात पुढे मी बसले होते. माझा मुलगा आजारी, घर चालेना, मला रेश्माची ड्युटी दिसत होती. तू बघितलं होतंस मला मान हलवताना. तुझी नजर माझ्यावरून गेली होती. आणि नंतर सगळी वर्षं मी तुला "चुकलो म्हण" म्हणत राहिले, तेव्हा एकदाही तू म्हणाला नाहीस, की वयनी, तू पण होतीस. सभागृहातल्या कुणाला तू सोडलं नाहीस, एकेकाचं पुटपुटणं त्याच्या तोंडावर परत मारायचास. मला सोडलंस. भाकरी खाऊन, पाणी पिऊन, गप उठलास. हे मोठेपण कुठल्या स्मरणिकेत टाइप झालेलं नाही.

सुजितला बोलावलं. म्हटलं, मोजणीवाल्याला आण. तो म्हणाला, "काकी, बाबांच्या वतीनं मी गावाची माफी मागतो, मग द्या." मी म्हटलं, "बस खाली. तुझी माफी नको, मलाच मागायची हाय." गाव जमलं तेव्हा उभी राहिले आणि म्हणाले, चुकले. मागून कुणीतरी बायकांतून म्हणालं, "आम्ही पन." मग पुरुषांत नुसती खाली बघायची घाई झाली.

चार हात मागितले होतेस, सहा दिले. म्हटलं, खांद्यावर घेणाऱ्यांना आजूबाजूला हलता आलं पाहिजे आणि मडकंवाल्याला पुढे. नोंद झाली. आता नकाशावर आहे, वाट म्हणूनच आहे. कागदावर अंगठा लावता का विचारत होते, मी सही केली. माझ्या सहीतही तो रफार येतो, तुझ्यामुळे मला तो आता अडत नाही. समितीला तुझ्या नावाची कमान हवी होती. मी म्हटलं, कमान नको, खांद्यावरची तिरडी वर आपटते.

परवा मुरूम टाकून झाला. दिवेलागणीला मी एकटी निघाले, टोकापर्यंत चालून बघावी म्हणून. अर्ध्या वाटेत लक्षात आलं, माझ्या शेजारी भिंतीपलीकडे झरोके उजळतायत. मी चालले की चालतायत, थांबले की थांबतायत. भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण पाय परत फिरले नाहीत. दम लागला म्हणून दगडावर टेकले, तर डोक्यावरचा झरोका पेटलेलाच. मी भिंतीला कान लावला. आत मांडणीवरचं प्लास्टिक हलतं तेवढाच आवाज, आणि एक खोकला म्हणावा तर खोकला. मी हळूच म्हटलं, "जन्या, तिकडून बाहेर पडायला जागा न्हाय रे. तू पुढच्या गेटवर येऊ नको, तिथं बोर्ड हाय. मागल्या दारानं खाडीकडे नीघ, आणि भिंतीला वळसा घाल." झरोका विझला. मग मी पुढे चालले, तेव्हा पलीकडे अंधार होता आणि मागे मुरमावर पाऊल वाजल्यासारखं वाटलं. मी मागे बघितलं नाही. वाट अरुंद नाही, हवं त्यानं पुढे जावं.

काल रामलखन पाणी प्यायला आला होता. मी विचारलं, "वो अंदर वाला?" त्यानं कपाळाला हात लावला. "अम्मा, कल से बत्ती नहीं जली. पर रजिस्टर में तो है." मग मला म्हणाला, तुम्ही त्यांच्या घरच्या, सही करा, मी वेळ टाकतो. मी नाही म्हटलं. ज्याची सही त्यानंच करावी. आणि मला तुझ्या तोंडून ऐकायचंय ते अजून ऐकलेलं नाही.

तेव्हा आता असं कर. वाट झाली आहे, नीट आहे, पायाला खडा लागत नाही. भिंत संपली की डावीकडे चिंच, चिंचेपासून माझं घर दिसतं. दार मी लोटून ठेवते, कडी लावत नाही. रेश्माला सांगून ठेवलंय. भाकरी करून ठेवेन, सुकट गरम असेल. चुकलो म्हणू नकोस, ते आता राहिलं नाही. नुसता बस आणि सांग कशी आहे ती वाट, मला विचारायचं पुष्कळ आहे, आत गारवा किती, दोन तास आग येईपर्यंत काय केलंस, भीती वाटली का. माझे गुडघे आता फार दिवस ओट्यावर चढू देणार नाहीत, आणि या नव्या वाटेनं गावातून पहिली मीच निघणार असं दिसतंय. त्याच्या आधी ये. लवकर ये, जन्या.